डिटेक्टिव्ह कोनन : अठ्ठावीस चित्रपटांत शिरायचं कुठून?

१९९७ ते २०२५ या काळात २०२० चा अपवाद सोडला तर दर एप्रिलला जपानमध्ये 'डिटेक्टिव्ह कोनन'चा एक नवा अॅनिमेशनपट आलाय. एकूण अठ्ठावीस. शिवाय १९९६ पासून चालू असलेल्या टीव्ही मालिकेचे हजाराहून जास्त भाग आणि गोशो आओयामा यांची १९९४ मध्ये सुरू झालेली, शंभरी ओलांडलेल्या खंडांची मूळ चित्रकथा. एवढा ढीग समोर बघून बरेच जण पहिल्याच दिवशी माघार घेतात. काही जण उलट करतात. हट्टाने मालिकेच्या पहिल्या भागापासून बसतात आणि साठ-सत्तर भागांत दमून सोडून देतात.

दोन्ही करू नका. या चित्रपटांतली प्रत्येक केस त्याच चित्रपटात सुरू होते आणि तिथेच संपते. मागचं न बघता खुनी कळतो, बॉम्ब निकामी होतो, सगळं होतं. मागच्या ओळखीशिवाय अडतं ते माणसांपाशी. कोण कोणासाठी जीव टाकतंय आणि कोण कोणापासून काय लपवतंय, हे माहीत नसेल तर शेवटची वीस मिनिटं नुसती आतषबाजी वाटते. म्हणून क्रमांक धरून न जाता माणसं धरून जा. खालचा रस्ता त्याच हिशोबाने आखला आहे.

पहिली पायरी : पाया एका बैठकीत

मूळ गोष्ट छोटी आहे. शिनिची कुदो हा शाळकरी वयातला नावाजलेला गुप्तहेर, वय सतरा. बालमैत्रीण रान मौरी हिच्याबरोबर तो ट्रॉपिकल लँड या करमणूक उद्यानात जातो, तिथे काळ्या कपड्यांतल्या एका माणसाचा संशयास्पद व्यवहार लपून बघतो आणि त्याच्या साथीदाराकडून मागून डोक्यात फटका खातो. ते त्याला एपीटीएक्स ४८६९ नावाचं विष पाजून निघून जातात. विषाने तो मरत नाही, पण त्याचं शरीर पहिलीतल्या मुलाएवढं होतं. जिवंत असल्याचं कळू नये म्हणून तो कोनन एदोगावा हे नाव घेतो. कोनन हे आर्थर कॉनन डॉइल यांच्यावरून, एदोगावा हे जपानी रहस्यकथाकार एदोगावा राम्पो यांच्यावरून. मग तो राहायला जातो तो रानच्याच घरी, कारण तिचे वडील कोगोरो मौरी खासगी गुप्तहेर आहेत आणि त्यांच्याकडे येणाऱ्या केसमधून त्या दोघांच्या काळ्या संघटनेचा माग लागेल अशी त्याला आशा आहे. रानला यातलं काही माहीत नाही. ती शिनिचीची वाट बघते आहे आणि तो तिच्या शेजारी बसून जेवतो आहे.

हे वाचून पुरेल, पण बघितलंत तर उत्तम. दोन मार्ग आहेत. मालिकेचा पहिला भाग, किंवा २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेला 'एपिसोड वन : द ग्रेट डिटेक्टिव्ह टर्न्ड स्मॉल' हा लांबलचक विशेष भाग. मी दुसरा सुचवेन. चित्र नवं आहे, गोष्ट तीच आहे आणि पुढे महत्त्वाच्या ठरणाऱ्या काही माणसांची झलकही त्यात पेरली आहे.

चित्रपट बनवणाऱ्यांनाही नव्या प्रेक्षकाची काळजी असते. सुरुवातीच्या नामावलीत कोनन स्वतःच्या आवाजात ही पूर्वपीठिका सांगतो, मुख्य पात्रं दाखवतो आणि शेजारच्या प्राध्यापक आगासांनी बनवलेल्या वस्तूंची ओळख करून देतो: आवाज बदलणारा बो-टाय, भुलीची सुई मारणारं घड्याळ, लाथेची ताकद वाढवणारे बूट, इंजिनवर पळणारा स्केटबोर्ड. हा भाग पुढे पळवू नका. त्या चित्रपटात कोणतं पात्र मोठं आहे, याचा अंदाज बहुतेक वेळा तिथेच येतो.

दुसरी पायरी : नावांचा घोळ आधीच मिटवा

शोधताना 'डिटेक्टिव्ह कोनन' आणि 'केस क्लोज्ड' ही दोन्ही नावं टाका. इंग्रजी भाषिक देशांत ही मालिका दुसऱ्या नावाने गेली आणि पहिल्या सहा चित्रपटांच्या जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये माणसांचीही बारशी झाली. शिनिची तिथे जिमी आहे, रान रेचल मूर, कोगोरो रिचर्ड मूर, आणि पुढे भेटणारे हेइजी व आय हाइबारा हे हार्ली आणि अनिता. अलीकडच्या इंग्रजी डबिंगमध्ये जपानी नावं कायम आहेत. त्यामुळे दोन चित्रपट वेगवेगळ्या काळच्या डबिंगमध्ये बघितलेत तर माणसं बदलली की काय असं वाटेल.

जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स हा माझा आग्रह आहे. कोननचा आवाज मिनामी ताकायामा यांचा आणि शिनिचीचा काप्पेइ यामागुची यांचा. एकाच मुलाच्या मनातला विचार कधी या आवाजात, कधी त्या आवाजात येतो आणि त्यातून तो त्या क्षणी स्वतःला कोण समजतोय ते कळतं. यामागुचीच काइतो किड या चोराचाही आवाज देतात. त्याची मजा किड भेटल्यावर येईल.

भागांच्या क्रमांकांचंही असंच आहे. मोठे विशेष भाग जपानमध्ये एक धरतात, बाहेर त्यांचे तुकडे करतात, त्यामुळे क्रमांक पुढेमागे सरकतात. खाली मी जपानी क्रमांक देतोय. तुमच्याकडे जुळला नाही तर भागाचं नाव बघा.

तिसरी पायरी : पहिला चित्रपट पहिलाच बघा

क्रम पाळू नका असं वर म्हटलं असलं, तरी सुरुवात मात्र १९९७ च्या 'द टाइम बॉम्ब्ड स्कायस्क्रेपर'नेच करा. चित्रं आज जुनी वाटतील, मोबाइल फोन विटेएवढे दिसतील. पण पुढच्या सगळ्या चित्रपटांचा साचा इथे तयार झाला आणि तो इथेच सर्वांत घट्ट आहे.

रान शिनिचीला ३ मेच्या रात्री दहाच्या सिनेमाला बोलावते. ४ मे हा त्याचा वाढदिवस, तो स्वतः विसरलेला. सिनेमा चालू असताना बारा वाजतील आणि आपण सगळ्यांत आधी शुभेच्छा देऊ, एवढाच तिचा बेत. इकडे कोणीतरी शहरात बॉम्ब पेरत सुटलंय आणि फोन करून शिनिचीलाच आव्हान देतंय. मध्ये एक लांब प्रसंग आहे: वर्तुळाकार लोहमार्गावरच्या गाड्यांचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या खाली गेला की स्फोट होणार. नियंत्रण कक्षातले घामाघूम अधिकारी, डब्यात काहीच कल्पना नसलेले प्रवासी आणि विचार करणारा एक लहान मुलगा, अशी ती मांडणी आहे. नीट बघा, कारण ती केस धावपळीने सुटत नाही. एका जागी थांबून विचार केल्याने सुटते.

आणि मग शेवट. ढिगाऱ्याने अडलेल्या दारापलीकडे रान एका बॉम्बसमोर बसली आहे, हातात कात्री. दाराअलीकडून शिनिचीचा आवाज तिला एकेक वायर सांगतोय. सगळ्या वायरी संपतात आणि आकृतीत नसलेल्या दोन उरतात, एक लाल, एक निळी. आता बुद्धीचा उपयोग नाही, तर्काला धरायला काही नाही. निवड रानला करायची आहे आणि ती कशाच्या आधारावर करते हे शेवटच्या काही सेकंदांत कळतं. तिने आधी फोनवर सहज बोललेलं एक वाक्य तिथे परत येतं. कोननच्या चित्रपटांचं मर्म मला विचाराल तर मी हा प्रसंग दाखवेन. दीड तास तर्काने चालणारी गोष्ट शेवटी तर्काबाहेरच्या विश्वासावर येऊन टेकते.

हा आवडला नाही तर पुढे जाऊ नका. तुमचा वेळ वाचला.

चौथी पायरी : जुन्यांपैकी चार

पहिले सात चित्रपट केन्जी कोदामा यांनी दिग्दर्शित केले. रहस्य आणि थरार यांचा तोल त्यांच्या काळात सर्वांत चांगला सांभाळला गेला, असं माझं ठाम मत आहे. पहिल्यानंतर या चार घ्या.

'द फँटम ऑफ बेकर स्ट्रीट' (२००२, सहावा). पन्नास मुलं आभासी खेळात अडकतात. सगळी हरली तर सगळी मरणार. कोनन निवडतो ते जॅक द रिपर या कुप्रसिद्ध खुन्याच्या काळातलं लंडन. खेळात आगासांच्या वस्तू चालत नाहीत, म्हणजे इथे त्याच्याकडे फक्त डोकं आहे. बाहेरच्या जगातल्या खुनाचा खुनी प्रेक्षकाला सुरुवातीलाच दिसतो, तरी चित्रपट ढिला पडत नाही, कारण खरा प्रश्न दुसराच आहे: मोठ्यांनी चुकीचं जग मुलांच्या हातात दिलं तर मुलांनी काय करायचं? पटकथा हिसाशी नोझावा यांची. मालिकेचा एकही भाग न बघितलेल्या माणसाला एकच चित्रपट दाखवायचा झाला तर मी हा निवडेन.

'द लास्ट विझर्ड ऑफ द सेंच्युरी' (१९९९, तिसरा). इथे पांढऱ्या सूटमधला काइतो किड चित्रपटांत पहिल्यांदा येतो. रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याशी जोडलेलं एक इस्टर एग, म्हणजे अंड्याच्या आकाराची मौल्यवान कलाकृती, आणि त्याच्या मागावर असलेला, उजव्या डोळ्यावर नेम धरणारा मारेकरी अशी गोष्ट आहे. किड चोर आहे पण शत्रू नाही, आणि कोननशी त्याचं नातं नेमकं काय हे शेवटच्या दृश्यात फार सुंदर ठेवलंय. आधी मालिकेतला ७६ वा भाग बघितलात तर दोघांची पहिली गाठ कळेल.

'क्रॉसरोड इन द एन्शंट कॅपिटल' (२००३, सातवा). ओसाकाचा शाळकरी गुप्तहेर हेइजी हात्तोरी आणि त्याची मैत्रीण काझुहा यांच्यासाठी. हेइजीची ओळख मालिकेच्या ४८ आणि ४९ व्या भागांत होते. गोष्ट क्योतोत घडते. हेइजी लहानपणी एकदाच बघितलेल्या, चेंडू खेळत गाणं म्हणणाऱ्या एका मुलीला शोधतोय. ते गाणं क्योतोतल्या रस्त्यांची नावं ओळीने गुंफलेलं आहे, तिथली मुलं खरोखरच रस्ते पाठ करायला ते म्हणतात. गाण्याकडे कान ठेवा.

'काउंटडाउन टू हेवन' (२००१, पाचवा). हा बघण्याआधी एक गृहपाठ हवाच: मालिकेचा १२९ वा भाग. हाइबारा कोण, कुठून आली आणि कोणाला घाबरते हे त्यात आहे. ते माहीत असलं की या चित्रपटातलं एक छोटं दृश्य आतपर्यंत जातं. रात्री सगळे झोपल्यावर हाइबारा चोरून कोणाला तरी फोन करते. संशय बळावत जातो आणि मग कळतं, ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या आन्सरिंग मशीनवर आवाज ऐकायला फोन करत होती. याच चित्रपटात कोननच्या वर्गातली मुलं डोळे मिटून बरोब्बर तीस सेकंद मोजण्याचा खेळ खेळतात. खेळ म्हणून सोडून देऊ नका.

पाचवी पायरी : सबटायटल्सनी न दाखवलेले दुवे

दुसरा चित्रपट, 'द फोर्टीन्थ टार्गेट' (१९९८), मी वरच्या यादीत घेतला नाही, कारण त्याला थोडी मदत लागते. त्यात कोगोरोच्या ओळखीच्या माणसांवर एकामागून एक हल्ले होतात आणि दुवा त्यांच्या नावांच्या चिनी-जपानी लिपीतल्या अक्षरांत दडलेला आहे. इन्स्पेक्टर मेगुरे यांच्या जुझो या नावात तेरा हा आकडा आहे. प्राध्यापक आगासांच्या नावातलं एक अक्षर फोडलं की दहा आणि एक, म्हणजे अकरा निघतो. पत्त्यांच्या राजा-राणी-गुलामासारखा आकडा उतरत जातो. पडद्यावर अक्षरं आली की थांबवा आणि बघा. कोगोरो आणि त्याची विभक्त राहणारी वकील पत्नी एरी यांच्यातली एक जुनी जखम इथे उघडते. एरवी दारू पिऊन झोपा काढणारा हा माणूस खरोखर काय आहे ते समजण्यासाठी तरी हा बघाच.

एकूणच सवय लावून घ्या: कागद, चिठ्ठी, पाटी, घड्याळ काहीही जवळून दाखवलं की ते उगाच नसतं. सोडवायचंच असेल तर कोननच्या डोक्यात वीज चमकल्यासारखा तो प्रसंग येतो तिथे थांबा, घरातल्यांना विचारा कोण वाटतंय, मग पुढे जा. आणि बघून होईपर्यंत पात्रांची नावं इंटरनेटवर शोधू नका. या मालिकेतली अर्धी माणसं दुसरीच कोणीतरी असतात आणि शोध-यादीची पहिली ओळच सगळं फोडून टाकते.

सहावी पायरी : मधले चित्रपट निवडून

आठ ते चौदा हे यासुइचिरो यामामोतो यांचे, पंधरा ते एकवीस कोबुन शिझुनो यांचे. शिझुनोंच्या काळात स्फोट वाढले, पडझड वाढली, रहस्य थोडं पातळ झालं. हे सगळे ओळीने बघायची गरज नाही.

दहावा, 'द प्रायव्हेट आइज रेक्विएम' (२००६), नक्की घ्या. करमणूक उद्यानात रान आणि मुलांच्या मनगटावर बॉम्ब लावलेले आहेत, ते त्यांना माहीत नाही, आणि कोननच्या हातात केस सोडवायला बारा तास आहेत. जवळजवळ सगळी मुख्य माणसं एका चित्रपटात भेटतात. चौथा, 'कॅप्चर्ड इन हर आइज' (२०००), हा रानसाठी बघा. तिची स्मृती जाते आणि गोष्ट परत ट्रॉपिकल लँडला, म्हणजे जिथून सगळं सुरू झालं तिथे येते. तेरावा, 'द रेव्हन चेझर' (२००९), काळ्या संघटनेसाठी. एकविसावा, 'क्रिमझन लव्ह लेटर' (२०१७), हेइजी-काझुहासाठी. शंभर जुन्या कवितांवर खेळल्या जाणाऱ्या कारुता या पत्त्यांच्या खेळाभोवती तो रचलाय. कारुताचे नियम ठाऊक नसले तरी बिघडत नाही. वरची ओळ ऐकून खालची ओळ लिहिलेला पत्ता प्रतिस्पर्ध्याआधी उडवायचा, एवढं कळलं की पुरे. अंताक्षरीवर पोसलेल्या आपल्या लोकांना तो लगेच जवळचा वाटतो.

अकराव्याला, म्हणजे समुद्री चाच्यांच्या खजिन्याच्या गोष्टीला, शेवटी ठेवा. नाही बघितला तरी चालेल.

सातवी पायरी : नवे चित्रपट आणि त्यांचा गृहपाठ

इथे मात्र शिस्त लागते. २०१६ च्या विसाव्या चित्रपटापासून मालिकेची मोठी कथा चित्रपटांत शिरली आणि प्रेक्षकही तसाच वाढला. पहिल्या चित्रपटाने जपानमध्ये सुमारे ११० कोटी येन कमावले होते, विसाव्याने सुमारे ६३३ कोटी, तर २०२३ चा सव्विसावा 'ब्लॅक आयर्न सबमरीन' हा दहा अब्ज, म्हणजे एक हजार कोटी येनांच्या पार गेलेला पहिला कोननपट ठरला. सुमारे १,३८८ कोटी. या यशामागे तोरू आमुरो, शुइची आकाई आणि हाइबारा ही तीन माणसं आहेत, आणि त्यांना मालिकेतच भेटावं लागतं.

आकाईसाठी ४९१ ते ५०४ ही लांब मालिका बघा, 'क्लॅश ऑफ रेड अँड ब्लॅक'. त्यानंतर ७०१ ते ७०४, धावत्या रेल्वेतलं प्रकरण, ज्यात आमुरो आणि हाइबारा दोघांच्या कथा एकमेकींना भिडतात. मग ७७९ ते ७८३. या तेवीस भागांनंतर विसावा 'द डार्केस्ट नाइटमेअर' आणि बाविसावा 'झीरो द एन्फोर्सर' (२०१८) घ्या. बाविसाव्यात कोगोरोलाच अटक होते आणि कोननला पहिल्यांदा पोलिसी यंत्रणेच्या एका थंड, हिशोबी चेहऱ्याशी झुंजावं लागतं. अठरावा, 'डायमेन्शनल स्नायपर' (२०१४), ७८३ च्या आधी बघू नका. त्याच्या अगदी शेवटच्या क्षणाला आकाईच्या कथेतलं मोठं गुपित फुटतं.

पंचविसावा, 'द ब्राइड ऑफ हॅलोवीन' (२०२२), पोलिसांचा चित्रपट आहे. त्याआधी ३०४ वा भाग बघायलाच हवा. त्यात जिनपेइ मात्सुदा या बॉम्बतज्ज्ञ पोलिसाची गोष्ट आहे, आणि मालिकेतला तो माझा सर्वांत आवडता भाग आहे. टोकियोतल्या शिबुयाच्या गर्दीत घडणाऱ्या या चित्रपटात जिवंत माणसांइतकंच गेलेल्या मित्रांना महत्त्व आहे. ३०४ शिवाय तो बघणं म्हणजे श्रद्धांजली वाचायची आणि माणूस कोण ते माहीत नाही.

सव्विसाव्यासाठी १२९ आणि ७०१ ते ७०४ पुरतात, ते एव्हाना झालेच असतील. सत्ताविसावा, 'द मिलियन डॉलर पेंटाग्राम' (२०२४), हाकोदाते शहरात घडतो आणि किड व हेइजी यांना एकत्र आणतो. म्हणून तिसरा, सातवा आणि एकविसावा आधी हवेत. शेवटची नामावली संपेपर्यंत उठू नका, त्यानंतरचं दृश्य फार मोठं आहे. अठ्ठाविसावा, 'वन आइड फ्लॅशबॅक' (२०२५), नागानोच्या बर्फाळ डोंगरांत, एका डोळ्याने अधू असलेल्या कान्सुके यामातो या पोलिस अधिकाऱ्याभोवती फिरतो. त्याआधी ५१६-५१७ आणि ५५८ ते ५६१ बघा. दुसऱ्या चित्रपटातला कोगोरो आवडला असेल तर हा तुमच्यासाठीच आहे.

मुलांबरोबर बघायचं असेल तर

चित्र कार्टूनसारखं असलं तरी इथे माणसं मरतात, रक्त दिसतं, लहान मुलांवर बंदुका रोखल्या जातात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सहावा आणि तिसरा चांगले. त्याहून लहानांना शेजारी बसूनच दाखवा. चौथा आणि पंचविसावा थोडे मोठे झाल्यावर. मुलांची सबटायटल्स वाचण्याची गती कमी असेल तर अलीकडचे चित्रपट इंग्रजी डबिंगमध्ये चालतील, तेवढी सूट मी देतो.

पुढच्या एप्रिलची तयारी

नामावली संपल्यानंतर बहुतेक चित्रपटांत पुढच्या वर्षीच्या चित्रपटाची काही सेकंदांची चाहूल असते: एखादा आवाज, एखादी वस्तू. त्यावरून पात्र ओळखायचं आणि मग त्या पात्राचे भाग काढून ठेवायचे. बनवणारेही आता मदत करतात. आकाई कुटुंबावरच्या चोविसाव्या चित्रपटाआधी २०२१ मध्ये, हाइबारावर २०२३ मध्ये आणि किडवर २०२४ मध्ये त्यांनी जुन्या भागांतून जोडलेले संकलनपट चित्रपटगृहांत आणले. असं संकलन मिळालं तर आधी ते बघा, दोन तासांत गृहपाठ होतो. न मिळालं, तर ज्याच्यावर चित्रपट आहे त्या माणसाचा मालिकेतला पहिला भाग आणि सर्वांत अलीकडचा मोठा भाग, एवढे दोन तरी बघून जा.